लिफाफ्यातला न्याय

आजारी माणसाने संख्याशास्त्र वाचू नये. तिथे तो माणूस राहतच नाही, टक्का होतो. मी धडधाकट आहे (रक्तदाब सोडल्यास), म्हणून पुतणीच्या नर्सिंगच्या अभ्यासाला सोबत करतोय. सरासरी पचली, अडलो ते लिफाफ्यांपाशी.

१९४७ साली ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन जेमतेम मिळायचं. क्षयाचे १०७ रोगी. औषध कुणाला द्यायचं, हे ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्यांवर सोपवलं. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसतीच विश्रांती. सहा महिन्यांत औषधवाले ४ दगावले, विश्रांतीवाले १४. आपण तुलनेपुरते आहोत, हे त्या ५२ जणांना कुणी सांगितलंही नव्हतं. आज असं करता येत नाही, हे बरंच झालं.

"अगं, हा तर मटका झाला!" मी म्हटलं.

"मग काका, कुणाला द्यायचं होतं?"

मला सुचलेलं उत्तर फारच देशी होतं : ज्याचा मेव्हणा मंत्रालयात, त्याला! बरं, डॉक्टर अगदी कनवाळू धरला, तरी तो सगळ्यांत खंगलेल्याला देणार. तो गेला की औषध बदनाम. जरा तुकतुकीत रोगी निवडला, तर तो आपोआप बरा व्हायचा आणि वाहवा औषधाची. लिफाफ्याला कळवळाही नाही आणि मेव्हणाही नाही.

हे सगळं मला पटतं. फक्त ते रोगी पंधरा ते तीस वर्षांचे होते. त्या १४ जणांपैकी एखाद्याच्या आईला हे समजावून द्यायला मला पाठवू नका, एवढंच.