अनुमोदना

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८८ साली 'अलाइव्ह' नावाचा अभ्यास सुरू झाला. सुईने नशा टोचून घेणाऱ्यांना एचआयव्हीची लागण कशी होते, पुढे त्यांचं काय होतं, हे वर्षानुवर्षं पाहायचं. दर सहा महिन्यांनी माणूस येतो, रक्त देतो, दुसऱ्याची सुई वापरली का तेही सांगतो. नशा सोडण्याची अट नाही. वर आल्याचे पैसेही मिळतात.

वाचताना मी अडखळलेच. कृत, कारित, अनुमोदना, पापाच्या या तीन वाटा आपण लहानपणापासून ऐकतो. माणूस शिरेत विष भरतोय हे ठाऊक असून वहीत टिपत बसायचं, ही अनुमोदनाच नाही का?

पण अट घातली असती तर आलं कोण असतं? सुटलेले तेवढेच. १९९४ मध्ये त्याच शहरात जुनी सुई घेऊन नवी देण्याची सोय झाली. त्याने लागण घटते का, हे अडकलेल्यांखेरीज सांगणार कोण?

आपल्याकडे मुलगा व्यसनात गेला की त्याचं नाव आधी लग्नपत्रिकेतून गळतं, मग बोलण्यातून. आई तेवढी त्याचं ताट झाकून ठेवते. तिचीही अनुमोदनाच, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पैशांचं मात्र अजून खटकतं. त्यातूनच पुढची पुडी आली तर? आमचे हे म्हणतात, "भांडीवाल्या बाईंना पगार देताना विचारतेस का, कशावर खर्च करणार म्हणून?"

विचारते की!