पापातला अर्धा वाटा

सभेत अन्याय होत असताना सगळे गप्प बसले, तर पापाची वाटणी कशी होते? महाभारताच्या सभापर्वात विदुर ती चोख सांगतो. अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाचा, पाव करणाऱ्याचा आणि पाव गप्प बसणाऱ्या सभासदांचा. द्रौपदीच्या प्रश्नाला सभेतले वडीलधारे उत्तर देईनात, तेव्हाचं हे बोलणं. करणाऱ्याच्या दुप्पट पाप प्रमुखाच्या माथी!

जळकोटातल्या आमच्या सप्ताहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. वर्गणी, कीर्तनाच्या तारखा, पंगती यांसाठी तो काढला. सप्ताह उठला तरी ग्रुप चालूच राहतो आणि त्यात जातीपातीचं, राजकारणाचं, अफवांचं सगळं येतं. म्हणून विदुराची वाटणी मी स्वतःला लावून पाहतो.

२०१५ साली आमच्याच लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात, ग्रुपवरच्या मजकुरावरून अ‍ॅडमिनसह चौघांना अटक झाली होती. पुढं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. एकानं ग्रुपमधल्या बाईबद्दल घाण लिहिलं. अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, असा आरोप होता. न्यायालयानं सांगितलं, दोघांचा मिळून बेत असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिहिण्याचा गुन्हा अ‍ॅडमिनवर येत नाही. हा निकाल मला योग्य वाटतो. तुरुंगाच्या धाकानं अ‍ॅडमिन प्रत्येक अडचणीचा प्रश्नच पुसून टाकील.

पण गुन्ह्यातून सुटलो म्हणजे पापातून सुटलो, असं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. तसल्या अफवा असल्याच ग्रुपांतून फिरत होत्या.

विदुरानं सुटकेची वाटही दाखवली आहे. निंद्य गोष्टीची जिथं निंदा होते, तिथं प्रमुख निष्पाप ठरतो, सभासद सुटतात आणि पाप करणाऱ्याकडेच जातं. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. मीही पुसतो, पण पुसणं म्हणजे निंदा नव्हे. गुपचूप पुसलं, तर जिच्याबद्दल वाईट लिहिलं तिच्या बाजूनं चारचौघांत कुणी बोललेलंच नसतं. म्हणून खाली लिहितो, ‘मामा, हे खोटं आहे. मी काढलंय. तुम्हीही इथंच तसं सांगा.’ मामा वयानं मोठे असले तरी लिहितो. वर्गणीच्या हिशेबावरून कुणी मला धारेवर धरलं, देवाधर्मावर शंका काढली, तर त्याला हात लावत नाही. शंका विचारणं पाप नाही.

उरला सभासदांचा पाव वाटा. त्या सभेत भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचं सांगून उत्तर टाळलं; विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ, मात्र उभा राहून बोलला. ‘अ‍ॅडमिन बघून घेईल’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, की तुमचा वाटा मला उचलता येत नाही.