घंटेचा लोलक

११ डिसेंबर १९६७ची पहाट. सव्वाचार वाजून गेले होते. लालबागच्या आमच्या चाळीत देव्हाऱ्याला टांगलेली घंटा आपोआप वाजू लागली. मांडणीवरची भांडी खणखणली, वीज गेली. आजीने हात जोडण्याआधी चिमटीत लोलक धरला आणि घंटा गप्प केली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवानं हाक मारली हो!" गिरणीत साचे चालवणारे माझे वडील म्हणाले, "चाळ हलली, म्हणून घंटा हलली." तिकडे कोयनेत भूकंपाने जवळपास दोनशे माणसे गेल्याचे नंतर कळले.

पुढे परळच्या शाळेत विज्ञान शिकवताना हाच वाद मला कुलाब्याच्या वेधशाळेत सापडला. १८४०च्या दशकापासून तिथे टांगलेल्या चुंबकांवरून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. भूकंपात चुंबक थरथरला तर काय समजायचे? पृथ्वीचे चुंबकत्व बदलले की चुंबकच झोके खातोय? विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही लोखंडाचा अंश टाळून. दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेतल्या. साक्षीदार स्वच्छ राहावा म्हणून केवढी ही निष्ठा! वेदान्तातला 'साक्षी', नुसता पाहणारा, मला पोथीपेक्षा इथे जास्त कळला.

पण वडिलांचेही सगळे खरे नव्हते. ओल्या खडकातून भूकंपलहर जाते तेव्हा छिद्रांतले पाणी दगडाच्या कणांना घासत सरकते, आपल्याबरोबर विद्युतभार ओढते आणि इवलासा प्रवाह जन्मतो. भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९४४मध्ये हे गणिताने मांडले. म्हणजे हादरलेली जमीन खरोखर विजेचा संकेत देते. मात्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात संवेदकाचे वेटोळे नुसते हलले तरी त्यात वीज निर्माण होते. म्हणून शेजारी कंपनमापक ठेवून आधी विचारावे लागते, यातले माझे स्वतःचे हलणे किती?

माझा देवावर विश्वास आहे, म्हणूनच हा प्रश्न मला श्रद्धेचा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ला, विसर्जनाच्या मिरवणुकीचा गुलाल अंगावर असतानाच, किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली. "बाप्पाचा कोप," असे आमच्या नाक्यावर कुणी म्हणाले. तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. झोपेत दगडमातीखाली गेलेल्या लेकरांवर कसला कोप? तो आवाज देवाचा नव्हता. बोलणाऱ्याचीच भीती वाजत होती. हादरलेला खडक आपल्यातल्या पाण्याची खबर देईल, कुणाच्या पापाची नाही.

त्या पहाटे लोलक धरून आजी अंधारात कान देऊन उभी होती. घंटा थांबल्यावर पलीकडच्या खोलीतून बारीक हाक ऐकू आली. तिथे अंथरुणाला खिळलेल्या एक म्हाताऱ्या बाई एकट्याच होत्या. आजी कंदील घेऊन तिकडे गेली. वडिलांनी बाईंना पाठुंगळी घेऊन खाली अंगणात आणले.

देवपूजा त्या दिवशी दुपारी झाली.