पहिले दोन दिवस

शेंद्र्याच्या एमआयडीसीत तापाने फणफणलेला कंत्राटी कामगार पंच करून शिफ्टला उभा राहतो, तेव्हा आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. मी पेरोलचं सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला तो आधी हिशेबी वाटतो. एक खाडा झाला की हजेरी भत्ता शून्य, ही अट कोडमध्ये जेमतेम एका ओळीची असते.

ईएसआय आहे ना? आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर आजारपणात ७० टक्के भरपाई, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्यात एक मेख आहे: साधारणपणे पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. आणि फ्लू सगळ्यात जास्त पसरतो तो नेमका पहिल्या तीन-चार दिवसांत!

मास्क, सॅनिटायझर चांगलेच. स्वस्त आहेत, म्हणून मालकांना आधी सुचतात. ते दोन दिवस मालकाने भरावेत, असं माझं मत. ‘मग सगळेच आजारी पडतील,’ एचआरवाले म्हणतात. पडतील थोडे. मला सर्दी झाली तर ‘आज घरून करतो’ एवढा मेसेज पुरतो, डॉक्टरचा कागद कुणी मागत नाही. वेल्डरकडे मागतात, आणि तो आणायला गेलेल्या दिवसाचाही खाडाच लागतो.