आधी मुकं जनावर, मग न्यायनिवाडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या माणसाचे पाय सारंगखेड्याकडे वळतात. तापीकाठचं एकमुखी दत्ताचं मंदिर आणि त्याच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार, दोन्ही आपल्या खान्देशाचं भूषण. 1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या धुळेकरांना सारंगखेडा आपलाच वाटतो. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून घोडे येतात. मारवाडी, काठेवाडी, पांढराशुभ्र नुकरा असे एकाहून एक देखणे.

बाजारात जनावराबरोबर मालकाचीही पारख चालते. "अमक्याची घोडी पाहिली का? बरगड्या मोजून घ्या. खायला घालत नाही तो!" असं घोडेवालाच दुसऱ्या घोडेवाल्याबद्दल बोलतो. आपल्याच धंद्यातल्या, आपल्याच गावातल्या माणसावर जनावराची आबाळ केल्याचा ठपका आला, तर आपण त्याचा न्याय करावा का? करावा तर कसा? प्रश्न घोडेवाल्यांचा असला तरी तुम्हा-आम्हा प्रपंची माणसांनाही तो लागू आहे.

अशा वेळी लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, "आपलाच माणूस आहे, कशाला बोभाटा?" आणि गप्प बसतात. काही लगेच मोबाईलवर फोटो काढून गावभर पाठवतात. पहिल्या तऱ्हेत घोडा उपाशीच राहतो. दुसऱ्या तऱ्हेत माणसाची अब्रू जाते, आणि घोडा तरीही उपाशीच राहतो. घोडं पेंड खातं ते नेमकं इथं!

जाणकार घोडेवाला हाडकुळं जनावर पाहिलं की आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. त्यांना धारदार कडा आल्या किंवा म्हातारपणी दात पडले, की समोर चारा असूनही तो चावला जात नाही. पोटात जंत असले तरी जनावर खंगतं. म्हणजे नुसत्या बरगड्या पाहून मालकाला दोषी ठरवता येत नाही. पण खोगिराखाली चिघळलेली जखम, महिनोन्‌महिने नालबंदाकडे न नेल्यामुळे वाढून वाकडे झालेले खूर, कोरडी पडलेली पाण्याची बादली, या गोष्टी वेगळी साक्ष देतात. ही साक्ष वाचणं त्या धंद्यातल्या माणसालाच जमतं. म्हणून त्यानं गप्प बसणं हे जास्त मोठं पाप, आणि त्यानं उतावीळपणे बोलणं हेही तितकंच वाईट.

माझी सारी नोकरी बँकेच्या कारकुनीत गेली. तिथं थकबाकीदार दोन प्रकारचे. एकाची दानत असते पण ऐपत नसते. पाऊस दगा देतो, पैसेवारी 50 पैशांच्या आत येते, त्याच्या पीककर्जाचं पुनर्गठन करावं लागतं. दुसऱ्याची ऐपत असते पण दानत नसते. खातेवहीत दोघांच्या नावापुढं थकबाकी सारखीच दिसते. फरक कळायला त्याच्या दारापर्यंत जावं लागतं. घोडेवाल्याचंही तसंच. कडबा महागला, घरात आजारपण आलं, लग्नसराई सरली म्हणून वरातीची कमाई थांबली, अशानं मेटाकुटीला आलेला मालक वेगळा. हंगामात घोडी नाचवून पैसे कमावणारा आणि हंगाम संपला की तिला मोकाट सोडून देणारा वेगळा. पहिल्याला मदत हवी, दुसऱ्याला जाब विचारायला हवा.

पण कर्जात आणि घोड्यात एक मोठा फरक आहे. कर्जाचा हप्ता पुढं ढकलता येतो, घोड्याची चंदी ढकलता येत नाही. त्याचं पोट शरीराच्या मानानं लहान, त्याला थोडं थोडं पण सारखं लागतं. मालक दोषी की बिचारा, हा निवाडा व्हायला महिना लागेल. पाणी आजच लागेल. महाभारतात जयद्रथवधाच्या दिवशी सूर्यास्ताची मुदत डोक्यावर असताना श्रीकृष्णानं भर रणांगणात दमलेले घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं. प्रतिज्ञा अर्जुनाची होती, घोड्यांची नव्हती. ही जाण देवाला होती.

दयेलाही जाणतेपण लागतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्यापुढं कळवळून घमेलंभर धान्य ओतलं, तर तो पोटशूळानं दगावू शकतो. आधी पाणी, मऊ चारा थोडा थोडा, आणि पशुवैद्याचा सल्ला. त्यासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. कायदाही आहे. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा ठरवलाय. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! एवढ्या दंडाच्या धाकानं कोणी जनावर सांभाळणार नाही. शेजाऱ्या-पाजाऱ्यांची लाज आणि साथ, या दोन गोष्टीच कामाला येतात. चारचौघांत बोलण्याआधी एकट्याला गाठून विचारावं, "भाऊ, काय अडचण आहे?" अडचण असेल तर कडब्याच्या चार पेंढ्या द्याव्यात. मुजोरी असेल तर मात्र भीड धरू नये, तक्रार करावी. भिडेपायी मुक्या जिवाचा बळी देणं हा शेजारधर्म नव्हे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात पिल्लांच्या मोहात जाळ्यात सापडणारा कपोत आहे, जगानं नावं ठेवलेली पिंगला आहे. अवधूताला त्यांचे दोष दिसले नाहीत असं नाही. पण दोष पाहून त्यानं त्यांची निंदा केली नाही, त्यापासून स्वतःसाठी धडा घेतला. दुसऱ्याच्या घोड्याच्या बरगड्या मोजताना आपणही मनाला विचारावं. आपल्या घरच्या वरातीत डीजेच्या दणदणाटात, फटाक्यांच्या धुरात घोडी तीन-तीन तास उभी असते, तेव्हा तिला पाणी कोणी पाजतं का? भाडं दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली का? आबाळीच्या खात्यात मालकाबरोबर आपलीही सही असते.

दत्तमहाराजांच्या तसबिरीत मागे गाय आणि पायाशी चार श्वान असतात. जनावरांना सोबत घेतल्याशिवाय ते उभेच राहत नाहीत. यंदा यात्रेला जाल तेव्हा देवापुढं नारळ जरूर फोडा, आणि बाजारातून फिरताना एखाद्या घोड्यापुढची बादली रिकामी दिसली, तर मालकाला बोल लावण्याआधी ती भरा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!