किती घ्यावं?

अलास्कात हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते. तरी बर्फ वितळता वितळता तिथे परसात रुबार्ब वर येतो. पानं अळूसारखी रुंद, देठ लालसर आणि आंबट. देठच खायचे, साखर घालून, पानं विषारी. थंडीत वरचं सगळं मरतं, जमिनीखालचा गड्डा मात्र जगतो. उलट, पुरेशी थंडी मिळाल्याशिवाय त्याला नीट जागच येत नाही.

तिथल्या काढणीच्या रीतीत मोठा विवेक आहे. पहिल्या वर्षी एकही देठ घ्यायचा नाही. दुसऱ्या वर्षी थोडेच. पुढेही सगळे देठ कधी ओढायचे नाहीत, आणि उन्हाळा सरायच्या आत थांबायचं. कारण उन्हाळा छोटा, आणि तेवढ्यात उरलेल्या पानांना गड्ड्यासाठी अन्न साठवायचं असतं. असं जपलं तर एकच झाड कितीतरी वर्षं देत राहतं.

याचीच बहीण रेवाचिनी हिमालयात उगवते. औषधासाठी तिचं मूळच खणतात. झाड गेलं. ही हिंसा आपल्याला लगेच कळते. कंदमूळ न खाणाऱ्या घरांत वाढलोय आपण.

पण इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची रीत बघा. दोन वर्षं शेतात वाढवलेले गड्डे थंडी लागल्यावर काढून उबदार, काळोख्या शेडमध्ये आणतात. उजेड नाही, म्हणून गड्डा साठवलेलं सगळं खर्चून कोवळे देठ वर पाठवतो. मेणबत्तीच्या उजेडात ते काढतात. हंगाम संपतो तेव्हा गड्डा रिता झालेला असतो.

इथे मूळ कुणी खाल्लं नाही, कुऱ्हाडही चालवली नाही. मग दोष कुठला? लेश्यांच्या चित्रातलं जांभळाचं झाड आठवा. एक जण मुळावर घाव घालू म्हणतो, शेवटचा खाली पडलेली जांभळंच वेचतो. काळोखातला हा माणूस कुठे उभा करायचा? मला वाटतं, मुळावर घाव घालणाऱ्यापासून फार लांब नाही. तो तोडत नाही, पण परत भरून यायला वावही ठेवत नाही. शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे, हे खरं. एकेंद्रिय जीवच तो, असंही कुणी म्हणेल. तरी घेण्याची सवय एकेंद्रियापाशी थांबत नाही.

घराघरांत एखादी काकू, एखादी थोरली जाऊ असते. "त्यांना सांगा, त्या नाही म्हणायच्या नाहीत." खरंच म्हणत नाहीत. पण नाही म्हणायला त्यांना जागा तरी कुठे ठेवलीय आपण? समोरचा देतोय, एवढ्यानं आपलं घेणं निर्दोष होत नाही. आपण घेतल्यावर त्याच्यापाशी त्याच्यापुरतं उरलं का, हेही बघायला हवं. अपरिग्रह तिजोरीपुरता नसतो. माणसाकडून घेतानाही तो पाळायचा असतो.