ताल कोणाचा?



मिस्सामध्ये ढोलकी वाजली की कोणीतरी विचारतेच, "फादर, भजनातला ठेका चर्चमध्ये चालतो का?" प्रश्न प्रामाणिक आहे.

ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) हे श्रद्धाळू फ्रेंच कॅथोलिक संगीतकार. १९३१ पासून अखेरपर्यंत ते पॅरिसच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चचे ऑर्गनवादक होते. एका फ्रेंच संगीतकोशात त्यांना १२० देशी तालांची यादी सापडली. ती 'संगीतरत्नाकर' ह्या ग्रंथातली. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या. म्हणजे आपल्या दौलताबादची! त्यातले ताल त्यांनी १९३५ साली प्रभुजन्मावरील ऑर्गनरचनांत योजले. पुढे जर्मनांच्या कैदेत असताना १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, छावणीतच त्यांची चार वाद्यांची रचना सादर झाली. तिच्या पहिल्याच भागात पियानोवर रागवर्धन ताल आहे.

ही उचलेगिरी म्हणावी का? मला तसे वाटत नाही. शार्ङ्गदेवाचे नाव त्यांनी आपल्या पुस्तकात उघड दिले आहे. शिवाय ताल म्हणजे काळाचे माप. पायलीने ज्वारी मोजा की गहू, पायली तीच.

पण इथे माझेच तर्कशास्त्र मला अपुरे वाटते. ताल नुसते माप नव्हे. त्याला वाजवणाऱ्याचा हात आणि त्याची भक्ती चिकटलेली असते. मेसियाँनी ताल घेतले ते कागदावरून. बडनेऱ्यात आपल्याला ती सबब नाही. ढोलकी वाजवणारा शेजारी आहे. त्याच्याजवळ बसून शिकावे, आणि "कशासाठी पाहिजे?" असे त्याने विचारले, तर "आमच्या प्रार्थनेसाठी" असे सरळ सांगावे.